घाण : नाक कुणाचं, नाव कुणाला?

(कैनाड, ता. डहाणू इथं भरलेल्या युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



मी एका शब्दावर बोलणार म्हटल्यावर शिबिरातल्या एका मित्रानं कपाळावर हात मारला. म्हणाला, इथं वनहक्काचे दावे लटकलेत, माणसं मजुरीला वापीला जातात, वसईला जातात, आणि तू इथं येऊन शब्दाचा कीस काढणार?

काढणार. कारण जमीन हिसकायच्या आधी माणसाला नाव ठेवावं लागतं. ज्याला आधी 'जंगली' म्हटलं त्याचंच जंगल काढून घेता येतं. ज्याला आधी 'घाण' म्हटलं त्यालाच गटारात उतरवता येतं. कुऱ्हाड मागाहून येते, शब्द अगोदर येतो. म्हणून आज शब्दाची झडती घेऊ. शब्द आहे : घाण.

हा शब्द शिकवावा लागत नाही. रांगतं पोर माती तोंडात घालतं तेव्हा आई म्हणते, 'शी, घाण!' तिथनं तो जो चिकटतो तो मरेपर्यंत. पेपर घाण गेला. पिक्चर घाण आहे. राजकारण घाण झालंय. काल कायतरी बोलला, मला फार घाण वाटलं. हल्ली शहरातल्या पोरापोरींनी तर त्याला आणखी पळवलाय : घाण पाऊस पडला, त्याला घाण धुतला, आम्ही घाण हसलो, बॉलिंग घाण भारी होती. म्हणजे आता तो निव्वळ वाईटही राहिला नाही. 'लई', 'जाम', 'बेक्कार' यांच्या रांगेत जाऊन बसला. जे जे नको, जे जे खुपतं, जे जे अंगावर येतं, त्याला एकच हाताशी शब्द. स्वस्त, आखूड, थुंकल्यासारखा.

व्याकरणवाले सांगतील, घाण हे स्त्रीलिंगी नाम. ती घाण. पण तोंडातली मराठी त्यांचं ऐकत नाही. 'घाण पोरगा', 'घाण पोरगी', 'घाण काम' : नामाचं विशेषण झालं, आणि 'घाण हसलो' म्हणताना क्रियाविशेषणसुद्धा. भाषा अशीच चालते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. भाषा रस्त्यावर वाढते, आणि आपण रस्त्यावरचीच माणसं. माझी तक्रार दुसरी आहे. ती समजायला शब्दाच्या मुळाशी जायला हवं.

मूळ संस्कृतात आहे. घ्राण. घ्राण म्हणजे वास घेणं, घ्राण म्हणजे नाक. घ्राणेंद्रिय हा शब्द शाळेच्या पुस्तकात वाचलाय ना, तोच. म्हणजे बघा गंमत. ज्या शब्दाचा अर्थ होता हुंगणारं नाक, त्याचा अर्थ झाला वास. मग त्या वासाचा अर्थ झाला वाईट वास. मग वाईट वासाची वस्तू, म्हणजे मळ, कचरा, मैला. आणि शेवटी तो मळ ज्याच्या हातात देवानं नव्हे, व्यवस्थेनं दिला, तो माणूस. नाकापासून निघालेला शब्द माणसाच्या अंगावर जाऊन बसला. मधल्या मधे नाक गायब!

'वास' या शब्दाचंही थोडंफार तेच. वास म्हणजे नुसता वास. पण 'वास येतोय' म्हटलं की कुणी फुलं शोधत नाही, सगळे नाकाला रुमाल लावतात. चांगला वास सांगायचा तर 'सु' जोडावा लागतो. वाईटाला काही जोडावं लागत नाही. मराठीतलं नाक असं पहिल्यापासूनच संशयी.

तर माझा पहिला प्रश्न : घाण म्हणताना नाक कुणाचं असतं?

नाकाचा एक स्वभाव आहे. ते चटकन सरावतं. एखाद्या खोलीत शिरलात की वास येतो, पाचदहा मिनिटांनी येईनासा होतो. वास तिथंच असतो, नाक दमतं. म्हणून आपल्या घराचा वास कुणालाच येत नाही. ज्या घरात हिंग, तूप आणि उदबत्ती रोज जळते त्या घराला वाटतं आपल्याला वासच नाही. आपण म्हणजे शुद्ध हवा! वास काय तो दुसऱ्याला. सुकटीला, बोंबलाला, मटणाला, घामाला, ताडीला.

डहाणूची लोकल धरून या कधी. २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत यायला लागली. पाट्या घेऊन चढणारी मासेवाली लगेजच्या डब्यात बसते. चुकून दुसऱ्या डब्यात शिरली तर बघा, दहा जणांचे हात एकदम नाकाकडे जातात. तिला कुणी शिवी देत नाही. शिवीची गरजच नाही, हात बोलतो. आणि संध्याकाळी त्या दहातले सात जण पापलेट कसं दिलं म्हणून त्याच बाईशी घासाघीस करतात. मासळी तव्यावर गेली की घमघमाट. पाटीत असेस्तोवर घाण. मग वास मासळीचा, की पाटी डोक्यावर असण्याचा? मुंबईत भाड्यानं खोली मागायला जा. मालक जात विचारत नाही, तो सुधारलेला आहे. तो विचारतो, 'घरात सुकट-बिकट शिजतं का?' आडनाव विचारायची लाज वाटते तिथं नाक पुढं केलं जातं.

आता शेण घ्या. इथल्या वारली घरात भिंत शेणामातीनं सारवतात, वर गेरू देतात, आणि लग्नात त्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. हे लिहिणं सवाशिणींचं काम. ह्याच तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे ती चित्रं घेऊन जगभर गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. आज शहरातल्या दिवाणखान्यात वारली चित्र असतं. भिंतीचा रंग मुद्दाम शेणामातीसारखा केलेला असतो. चित्रातलं शेण चालतं. शेणात हात घालणारी बाई त्या सोफ्यावर बसलेली चालते का? विचारून बघा.

दुसरं शेण महाडचं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. पाणीच प्यायली, दुसरं काही केलं नाही. आणि सनातन्यांनी काय केलं? तळं बाटलं म्हणून त्यात गाईचं शेण, गोमूत्र, दूध, दही ओतलं आणि शुद्ध झालं म्हणून जाहीर केलं. नीट डोळ्यांपुढं आणा. माणसाच्या ओंजळीनं पाणी घाण होतं, आणि जनावराच्या शेणामुतानं स्वच्छ होतं! ह्याला आरोग्यशास्त्राचा कुठला नियम म्हणायचा? तिथं जंतू कुणी मोजले नव्हते. तिथं जात मोजली होती. पुढं ते प्रकरण कोर्टात गेलं, दहा वर्षं चाललं, आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. पण मला आजच्यापुरतं एवढंच दाखवायचंय की घाण ही वस्तूत नसते. एकच शेण भिंतीवर कला, तळ्यात पवित्र.

आणि तिसरं शेण कायद्यात आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंध कायदा उघडा. गुन्ह्यांच्या यादीत अगदी सुरुवातीला काय आहे? दलित-आदिवासी माणसाला जबरदस्तीनं न खाण्यासारखं, किळसवाणं काही खायला-प्यायला लावणं. आणि त्याच्या घरात, शेजारात विष्ठा, कचरा, मेलेलं जनावर आणून टाकणं. खून, बलात्कार, जाळपोळ ह्यांना पीनल कोड होताच. पण ह्या देशाला घाणीसाठी वेगळी कलमं लिहावी लागली. का? कारण इथं घाण हे हत्यार आहे. काठीसारखं, कोयत्यासारखं. तोंडात कोंबायचं, दारात टाकायचं, आणि मग बोट दाखवून म्हणायचं, बघा, हे लोक घाणच!

आता कैनाडच्या रस्त्यानं येताना दुतर्फा बघितलीत ती घाणेरी. लाल-पिवळी फुलं, पानं चुरगळली की उग्र वास. म्हणून नाव घाणेरी. ही बया इथली नव्हे. ती अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती बागेत लावायला म्हणून हिंदुस्थानात आणली. साहेबाच्या बागेत होती तेव्हा शोभेचं झाड. बागेचं कुंपण ओलांडून आदिवासीच्या रानात घुसली, खालचं गवत मारलं, गुराढोरांचा चारा खाल्ला, तेव्हा घाणेरी. आणली कुणी, सोसली कुणी! आपल्या देशातल्या अर्ध्या घाणींचा इतिहास असाच आहे.

म्हणून मी म्हणतो, घाणीला तीन माणसं लागतात. एक करणारा, एक काढणारा, एक ठरणारा. करणारा दिसत नाही. काढणारा आणि ठरणारा मात्र एकच असतो. जातीची सगळी करामत ह्या बेरजेत आहे. ज्यानं केली तो स्वच्छ, ज्यानं काढली तो घाण.

शहरातलं गटार बघा. आख्ख्या सोसायटीचा मैला खाली जातो. पाईप तुंबला की एका माणसाला बोलावतात. तो कोण असतो हे मी सांगायला नको. माणसाकडून मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला. तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली सांगितलं, तीस लाख द्या. आकडा वाढला तो माणसं मरायची थांबली नाहीत म्हणून.

आणि माणूस मरतो कसा तेही ऐकून ठेवा. गटारात हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू साठतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकाची शक्ती मारतो. वास येईनासा होतो. आतल्याला वाटतं, वास गेला, आता धोका टळला. आणि पुढच्या मिनिटाला तो कोसळतो. ज्याला जन्मभर 'तुझा वास येतो' म्हणून लांब ठेवलं, त्याचं नाक सगळ्यात आधी मारलं जातं, मग तो. वर उभे असलेले नाकाला रुमाल लावून असतात. त्यांचं नाक शाबूत असतं.

तुमच्या डहाणूचंच बघा. २० जून १९९१ ला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला. कागद चांगला होता. आणि त्याच दशकात इथं खाडीकाठी कोळशावरचं ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज मुंबईच्या उपनगरांना. राख इथं. राखेला कुणी घाण म्हणत नाही, तिला म्हणतात उत्पादनाचा अवशेष. धुराला म्हणतात उत्सर्जन. चिमणी जितकी उंच तितका शब्द संस्कृत. आदिवासीच्या पाड्यावरच्या चुलीचा धूर मात्र मागासलेपणा. भाषेतसुद्धा दोन दर आहेत : श्रीमंताच्या घाणीला पारिभाषिक शब्द, गरिबाच्या घाणीला नुसती शिवी.

ह्याच मातीतल्या वारल्याला सावकार-जमीनदार काय समजत होते ते तुमच्या आजाआजीनं सांगितलं असेल. वेठ करायची ती ह्यांनी. लग्नाला कर्ज काढलं म्हणून नवराबायको दोघं मालकाच्या घरचे लग्नगडी. आणि वर जंगली, घाणेरडे, अडाणी ही बिरुदं. १९४५ च्या मे महिन्यात आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली. गोदावरी आणि शामराव परुळेकर सोबत होते. वेठ बंद असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण पडले. जेठ्या गांगड त्यातला एक. गोदावरीबाईंनी पुढं ह्या लढ्यावर जे पुस्तक लिहिलं त्याच्या नावातच 'माणूस' हा शब्द आहे. उगाच नाही. ज्याला शिवीनं जनावर केलं होतं त्याला तिथं माणूस हे नाव परत मिळालं. वेठ संपवायला लढावं लागलं. पण नाव बदलणं हासुद्धा त्या लढ्याचाच भाग होता.

आता साहित्याकडे येऊ, कारण ह्या मासिकाचे वाचक कवितेचे शौकीन आहेत. आपल्या लोकांनी लिहायला घेतलं तेव्हा पहिला आरोप कुठला झाला? भाषा घाण आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या तेंडुलकरांनाही त्यातले कितीतरी शब्द कळले नव्हते, आणि ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. हा प्रामाणिकपणा. बाकीच्यांनी नुसतं नाक मुरडलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढालेंचा लेख आला. झेंड्याच्या अपमानाला दंड किती आणि दलित बाईच्या विटंबनेला किती, हा हिशेब त्यांनी मांडला. गदारोळ कशावर झाला? लेखातल्या शब्दांवर. ज्या बाईला नागवं केलं तिच्यावर नाही. विटंबना पचली, शब्द पचला नाही. पांढरपेशा नाक असं आहे मित्रांनो : त्याला रक्ताचा वास येत नाही, शिवीचा येतो.

इथपर्यंत टाळ्या वाजवायला सोपं होतं. आता अवघड बोलतो.

हा शब्द आपल्याही तोंडात आहे. शिकलेला पोरगा फ्लॅटमध्ये राहायला जातो आणि म्हणतो, 'आमची जुनी वस्ती लई घाण होती.' वस्ती घाण होती, की वस्तीला नळ नव्हता, गटार नव्हतं, दोनशे माणसांना चार संडास होते? घाण हा वस्तीचा स्वभाव नव्हता, ते म्युनिसिपालटीचं काम होतं, न केलेलं. 'घाण' म्हटलं की प्रश्न मिटतो. 'गटार नाही' म्हटलं की प्रश्न उभा राहतो. हा फरक लक्षात ठेवा. दलितातला एक दुसऱ्याला म्हणतो, 'ते लोक आपल्यापेक्षा घाण काम करतात.' मुंबईहून आलेला आपलाच पोरगा आदिवासी पाड्यावर येऊन नाक मुरडतो. उतरंड अशी असते की प्रत्येकाला खाली हुंगायला एक नाक दिलेलं असतं.

दोन वाटा मला दिसतात, दोन्ही फसव्या. एक वाट अत्तराची. चांगले कपडे, चांगला साबण, जरा पुस्तकी मराठी, म्हणजे आपल्याला कुणी घाण म्हणणार नाही. स्वच्छ राहा, जरूर राहा. बाबासाहेबांनी महाडला मेलेली ढोरं ओढायचं सोडा, मेलेलं मांस खायचं सोडा म्हणून सांगितलं. पण ते सांगितलं ते स्वाभिमानासाठी, वरच्याच्या नाकाला बरं वाटावं म्हणून नाही. साबणानं जात जात असती तर इतक्या वर्षांत किती वड्या झिजल्या! २०२० साली राज्य सरकारनं जातीवाचक वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. पण पाटी बदलली आणि गटार तसंच राहिलं तर लोक उद्या 'भीमनगर'सुद्धा नाक मुरडूनच म्हणतील.

दुसरी वाट घाणीच्या कौतुकाची. आम्ही घाणीतले, आम्ही गटारातले, म्हणून आम्ही थोर. कवितेत ओळीओळीला विष्ठा टाकली की विद्रोह झाला असं समजणारे आपल्यात आहेत. दोस्तांनो, गटारात मेलेल्याच्या बायकोला विचारा, तिला तुमच्या प्रतिमेत किती रस आहे. ती गटाराचं गाणं मागत नाही. यंत्र मागते, आणि नवऱ्याच्या मरणाला जबाबदार कोण ते नाव मागते.

मग हा शब्द टाकून द्यायचा? नाही. शब्द टाकून देणारे आपण कोण लागून गेलो! शब्द फिरवायचा. जिथून तो निघाला त्या बाजूला तोंड करून उभा करायचा.

हे कसं करायचं ते आपल्या मुलींनी केव्हाच दाखवलंय. गर्दीत अंगाला हात लावणाऱ्याला मुलगी काय म्हणते? 'घाणेरडा हात.' 'घाण नजर.' बघा, किती नेमकं. पूर्वी ह्याच प्रसंगात घाण तिला चिकटायची : तीच तसली, तिचीच इज्जत गेली. तिनं शब्द उचलला आणि ज्याच्या करणीला शोभतो त्याच्या हाताला नेऊन लावला. जातपात नाही, वस्ती नाही, कपडे नाहीत. करणी. घाण हा शब्द करणीला लावा, जन्माला लावू नका. एवढा एकच नियम.

एखाद्याला गटारात उतरवणं, ही घाण. पाणी प्यायला म्हणून तळं शुद्ध करणं, ही घाण. खोली नाकारणं, ही घाण. दावा न बघता फेटाळणं, ही घाण. आपल्यातल्या एकानं दुसऱ्याच्या कामाला हसणं, हीसुद्धा घाण. हे म्हणा, मोठ्यानं म्हणा, पुराव्यानिशी म्हणा. पण वस्तीला, पाड्याला, पाटीवालीला, तिच्या मासळीला, झाडूवाल्याला हा शब्द लावायचा झाला तर आधी तीन प्रश्न विचारा. केली कुणी? काढतो कोण? आणि नाक कुणाचं?

शिबिरातून जाताना एक काम घेऊन जा. प्रत्येकानं आपल्या वस्तीत, आपल्या पाड्यावर, आपल्या बोलीत ह्या अर्थाचे जे जे शब्द आहेत ते वहीत उतरवा. वारलीतले, धोडीतले, कातकऱ्यांचे, मुंबईच्या चाळीतले. शब्दासमोर लिहा : कोण म्हणतो, कुणाला म्हणतो, आणि उलट म्हटलेलं चालतं का? जो शब्द फक्त वरून खाली येतो आणि खालून वर जाऊ शकत नाही, तो शब्द नसतो, तो दगड असतो. दगड ओळखला की तो चुकवता येतो.

आणि वेळ आली की परतही फेकता येतो.

जयभीम. जोहार.